महासाथ, देह आणि घर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी ह्या व्यासपीठावरून विद्वान वक्ते आपणांस धर्म, इतिहास, शिक्षण, व्यापार अशा विषयांवर चार गोष्टी सांगत असतात. यंदा कार्यकारी मंडळाने हे काम आमच्यावर सोपविले. आम्ही पेशाने डॉक्टर. चाळीस वर्षे ह्याच शहरात लोकांच्या नाड्या पाहण्यात गेली. तेव्हा आम्ही बोलणार ते रोगासंबंधीच, हे आपण गृहीत धरलेच असेल. आजचा आमचा प्रश्न असा आहे की, विषाणूची महासाथ येते तेव्हा ती पुरुषांना आणि स्त्रियांना सारखीच का भोवत नाही?

कोरोनाची साथ ओसरून आता काही वर्षे लोटली. माणूस दुःख विसरतो हे एका अर्थी बरेच आहे. नाहीतर जगणे अशक्य झाले असते. परंतु दुःखाबरोबर त्याने शिकविलेला धडाही विसरावयाचा, ही खोड मात्र बरी नव्हे. म्हणून आज थोडे मागे वळून पाहावे, असे आम्ही ठरविले आहे.

आमच्या घरी पणजोबांच्या हातची एक खर्चाची वही आहे. लाल कापडी बांधणी, मोडी अक्षर. त्यात सन १९१८ च्या नवरात्राच्या दिवसांतील काही पाने आहेत. एका पानावर वैद्यांस दिलेले पैसे आहेत, ते पणजोबांच्या स्वतःच्या तापासाठी. पुढे सुंठ, दालचिनी व दूध ह्यांचा खर्च आहे, तो त्यांच्या धाकट्या भावाच्या तापासाठी. त्यापुढील पानावर एकच ओळ आहे : लाकडे. ती लाकडे आमच्या पणजीबाईंच्या दहनाची. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते आणि त्या पाच महिन्यांच्या गरोदर होत्या, असे घरात सांगत आले आहेत. त्यांच्यासाठी वैद्य आल्याची, औषध आणल्याची किंवा दूध जास्त घेतल्याची नोंद त्या वहीत कोठेही नाही. पणजोबा दुष्ट नव्हते. पुढे अनेक वर्षे ते त्या तिथीला गोदाघाटावर जाऊन एकटेच बसत, अशी आठवण आमच्या आजोबांनी सांगितली आहे. तरीही वहीत नोंद नाही, ही गोष्ट खरी. ह्या एका ओळीने आम्हांला पुष्कळ वर्षे छळले आहे आणि आजचे हे भाषण तिच्यातूनच निघाले आहे.

ज्या साथीने त्या गेल्या तिला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. तो इन्फ्लुएन्झा होता. सन १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरावर पहाऱ्यास असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले, ही तिची पहिली चाहूल. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती मात्र काळ होऊन आली. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबईहून हा रोग आगगाडीच्या मार्गाने देशात आत शिरला. आणि इगतपुरी, देवळाली, नाशिकरोड, मनमाड ही सारी त्या लोहमार्गावरचीच ठाणी आहेत. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते आणि महायुद्ध अद्याप संपावयाचे होते. त्या अवघ्या काही महिन्यांत मुंबई इलाख्यात सुमारे १० लाख माणसे दगावली. सबंध हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत आहेत.

ह्या मृत्यूंविषयी दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, एरवीचा इन्फ्लुएन्झा म्हाताऱ्यांना व तान्ह्या मुलांना नेतो. हा मात्र २० ते ४० वर्षांच्या धडधाकट माणसांवर उठला होता. दुसरी ही की, आपल्या देशात ह्या वयाच्या पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. सन १९२१ च्या जनगणनेच्या अहवालात तरुण स्त्रियांच्या, विशेषतः गरोदर स्त्रियांच्या, मृत्यूंचा मुद्दाम उल्लेख झालेला आहे. सन १९११ मध्ये देशात दर हजार पुरुषांमागे ९६४ स्त्रिया होत्या, त्या १९२१ मध्ये ९५५ झाल्या. ही सारीच घट मानमोडीची होती असे आम्ही म्हणत नाही. स्त्रियांचे प्रमाण त्यापूर्वीही घसरतच होते. परंतु त्या दशकाच्या घसरणीत मानमोडीचा वाटा होता, एवढे निश्चित.

आता खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. त्याच वर्षी, त्याच रोगाने अमेरिकेत स्त्रियांपेक्षा पुरुष अधिक मेले! रोग एक, वर्ष एक. एका देशात स्त्रियांचा बळी अधिक, दुसऱ्यात पुरुषांचा. स्त्रीचा देह अमेरिकेत एका घडणीचा आणि नाशकात दुसऱ्या घडणीचा असतो असे कोणी म्हणणार नाही. मग हा उलटा न्याय झाला कसा?

ह्याचे उत्तर शोधताना देह आणि घर ह्या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. प्रथम देहाकडे वळू.

विषाणू हा इतका सूक्ष्म जीव की त्याला सजीव म्हणावे की निर्जीव ह्याविषयीही शास्त्रज्ञांत वाद आहे. १९१८ मध्ये तर त्याची ओळखही पटलेली नव्हती. माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रयोगशाळेत हाती लागला तो १९३३ मध्ये. विषाणू शरीरात शिरला की आपल्या पेशींतील पहारेकरी त्याला ओळखतात, आरोळी देतात आणि मग संरक्षणाची सर्व फौज धावून येते. ह्या पहारेकऱ्यांपैकी काहींची घडण ज्या जनुकांत लिहिलेली असते ती एक्स नावाच्या गुणसूत्रावर असतात. स्त्रीला एक्स गुणसूत्रे दोन आणि पुरुषाला एकच, हे आपल्यापैकी शाळेत शिकलेल्या मुलांनाही ठाऊक आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एक एक्स बहुतांशी निद्रिस्त ठेवले जाते; परंतु त्यावरील काही जनुके जागीच राहतात. विषाणूंना ओळखणारे टीएलआर-७ नावाचे जनुक हे त्यांपैकीच एक होय. म्हणजे पुरुषाच्या दारावर एक पहारेकरी असेल तर स्त्रीच्या दारावर कित्येकदा दीड तरी असतो, असे समजावे. सन २०२० मध्ये नेदरलँड्समधील दोन कुटुंबांत चार तरुण भाऊ-भाऊ कोरोनाने अत्यवस्थ झाले. तपासणी केली तेव्हा त्या चौघांतही ह्याच जनुकात दोष आढळला.

ह्याच्या जोडीला संप्रेरके येतात. स्त्रीदेहातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक सामान्यतः प्रतिकारशक्तीला चेतविते, पुरुषदेहातील टेस्टोस्टेरॉन तिला आवर घालते. लस टोचली असता स्त्रियांच्या अंगी प्रतिद्रव्ये पुष्कळदा अधिक तयार होतात आणि तापही त्यांनाच अधिक येतो, त्याचे कारण हेच. अर्थात ह्या देणगीची किंमतही स्त्रीला द्यावी लागते. आपलीच फौज आपल्याच सांध्यांवर किंवा कंठग्रंथीवर उलटावी, अशा व्याधींच्या रुग्णांत सुमारे ८० टक्के स्त्रिया असतात. कोरोना बरा झाल्यावरही महिनोन् महिने थकवा, धाप आणि विसराळूपणा मागे उरतो, त्या दुखण्याच्या तक्रारीही पुरुषांपेक्षा स्त्रियांच्याच अधिक आहेत.

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक शोध लागला. कोरोनाने अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांची तपासणी केली असता १०१ जणांच्या रक्तात अशी द्रव्ये आढळली की, जी विषाणूविरुद्ध आरोळी देणाऱ्या इंटरफेरॉनलाच निकामी करतात. जणू पहारेकऱ्याचे तोंड घरच्याच माणसाने दाबून धरले! त्या १०१ जणांत ९५ पुरुष होते.

आणि मग पुरुषांनी स्वतः ओढवून घेतलेल्या गोष्टी आहेत, त्यांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. सन २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात १९ टक्के पुरुष विडी-सिगारेट ओढतात. स्त्रियांत हे प्रमाण २ टक्के आहे. रक्तदाब मोजावयाचा नाही, साखर तपासावयाची नाही, तपासली तर गोळी घ्यावयाची नाही, आणि कोणी विचारले तर ‘आम्हांला काय होते आहे’ असे म्हणावयाचे. ह्या बेफिकिरीला मर्दानी समजणारे बंधू ह्या सभागृहातही असतील. विषाणूला मर्दानीपणाची भीती वाटत नाही.

ह्या सर्वांचा परिणाम जगभरच्या आकड्यांत दिसतो. सन २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या देशांतील सुमारे ३१ लाख रुग्णांची माहिती एकत्र केली होती. लागण स्त्री-पुरुषांना जवळजवळ सारखीच झाली. परंतु अतिदक्षता विभागात जाण्याचा धोका पुरुषांना सुमारे पावणेतीनपट आणि मृत्यूचा धोका सुमारे १.४ पट होता. आपल्या देशाच्या आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले की, कोरोनाने मरण पावलेल्यांत ७० टक्के पुरुष आहेत.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, तर मग झाले! पुरुषाचा देह दुबळा आणि स्त्रीचा चिवट. निसर्गाने जे दिले त्याला इलाज नाही. थांबा. आता घराकडे वळावयाचे आहे.

मंत्रालयाचा तो ७० टक्क्यांचा आकडा खोटा नाही. पण तो अर्धा आहे. कारण ज्यांची तपासणी होऊन रोग निश्चित झाला अशांतही सुमारे दोनतृतीयांश पुरुषच होते. जगात इतरत्र लागण सारखी, मग आपल्याकडेच पुरुषांना दुप्पट कशी? काही अंशी ह्याचे कारण असे की, कामधंद्यासाठी बाहेर पडणारे पुरुष अधिक. पण काही अंशी असेही की, बाईला ताप आला तर तिची तपासणीच झाली नाही. २० मे २०२० पर्यंतच्या आकड्यांवरून अभ्यासकांनी हिशेब केला, तेव्हा निदान झालेल्या रुग्णांपैकी पुरुषांत २.९ टक्के आणि स्त्रियांत ३.३ टक्के मृत्यू पावल्याचे आढळले. म्हणजे इतर देशांत देहाच्या बळावर जी स्त्री पुरुषापेक्षा तरून जात होती, तिची ती आघाडी आपल्याकडे त्या सुरुवातीच्या महिन्यांत पुसली गेलेली दिसते. ते प्रारंभीचे आकडे आहेत आणि पहिल्या काही आठवड्यांच्या आकड्यांवर फार मोठा इमला चढवू नये, हे आम्ही जाणतो. परंतु ते आपल्या घराकडे बोट दाखवितात, एवढे खास.

ते बोट कशाकडे आहे ते पाहू. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात लाली कमी आढळली. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिक स्त्रिया लढाईला उतरतात त्या उपाशी शिपायासारख्या. सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले खाणे, शिळे आपल्या ताटात घेणे आणि वर आठवड्याचे दोन उपास, ह्याला आपण गृहिणीधर्म म्हणत आलो. सन २०१९ च्या एका राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, घरकाम करणारी स्त्री रोज सरासरी २९९ मिनिटे त्यात घालविते. जे थोडे पुरुष घरकामाला हात लावतात ते ९७ मिनिटे. आणि घरात कोणी आजारी पडले तर उशाशी कोण बसते, हे सांगावयास पाहणीची गरजच नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मानमोडीच्या वेळी नेमके हेच घडले असले पाहिजे. आमच्या ह्या शहरातील जुने वाडे आठवा. पुढे ओटी, मागे अंधारे माजघर, धुराने भरलेले स्वयंपाकघर. पुरुष तापाने पडला तर ओटीवर, उजेडात, वाऱ्यात. स्त्री पडली तर माजघरात. त्यातही ती पडते ती सर्वांत शेवटी, कारण तोवर तिला सर्वांचे करावयाचे असते. रोग्याच्या श्वासाजवळ सर्वांत अधिक वेळ ती, अन्नात सर्वांत मागे ती, विश्रांतीत शेवटची ती आणि वैद्याच्या वाटेवर तर कोठेच नाही. त्या वेळच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांनीही स्त्रियांच्या अधिक मृत्यूंची कारणे सांगताना त्यांच्या कोंडलेल्या राहणीकडे आणि शुश्रूषेच्या भाराकडेच निर्देश केला होता. देहाने दिलेली आघाडी घराने अशी हिरावून घेतली.

गरोदरपणाचे वेगळे सांगितले पाहिजे, कारण तेथे देह आणि घर दोन्ही स्त्रीच्या विरुद्ध जातात. पोटातील गर्भाला परके मानून शरीराने हाकलू नये, म्हणून ह्या काळात प्रतिकारशक्तीचा सूरच बदलतो. वाढत्या गर्भाने छातीचा पडदा वर ढकलला जातो आणि फुप्फुसाला जागा कमी उरते. कोरोनाच्या काळी महाराष्ट्रात व इतरत्र नोंदविलेल्या गरोदर व बाळंतीण रुग्णांचा अहवाल भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने जून २०२१ मध्ये दिला. त्यांतील मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होते, ते दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के झाले. लसीकरण सुरू झाले १६ जानेवारी २०२१ रोजी. गरोदर स्त्रियांना लस देण्यास अनुमती मिळाली २ जुलै २०२१ रोजी. त्या दोन तारखांच्या मध्येच दुसरी लाट येऊन गेली, हे आपण सर्वांनी लक्षात ठेवावे. इतर स्त्रियांचीही गत फारशी वेगळी नव्हती. जून २०२१ मध्ये देशात लस घेतलेल्या दर हजार पुरुषांमागे लस घेतलेल्या स्त्रिया नऊशेहूनही कमी होत्या. नोंदणी मोबाईलवर, मोबाईल पुरुषाच्या खिशात. आणि लसीने मासिक पाळी बिघडते, मूल होत नाही, असल्या कंड्या मात्र थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेल्या.

रोगाने माणसे मारावी आणि समाजाने त्यांतली कोणती हे ठरवावे, ह्याचा आणखी एक पुरावा देतो. १९१८ मध्ये मुंबई शहरात जातवार मृत्यू मोजले गेले. युरोपियनांत दर हजारी ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या हिंदूंत ६१.६. रोग तोच, शहर तेच. आपण एका ज्ञातीचे लोक म्हणून येथे जमलो आहोत. त्या कोष्टकात आपली ज्ञाती कोणत्या रकान्यात होती हे पाहण्यापेक्षा, असा फरक पाडणारी रेघ आपल्या हातून कोठे ओढली जाते हे पाहणे अधिक हिताचे. जी रेघ शहरात वस्त्यावस्त्यांमध्ये होती, तीच आपल्या घरात ओटी आणि माजघर ह्यांच्यामध्ये होती.

एवढे सांगून आम्ही थांबलो असतो तर आमची सुटका सोपी झाली असती. पणजोबांच्या काळाला दोष देऊन मोकळे होता आले असते. परंतु आमच्या घरात दुसरीही एक वही आहे, तिच्याविषयी सांगितल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही.

एप्रिल २०२१. त्या महिन्यात नाशिकची काय अवस्था होती ते आपणांस सांगावयास नको. खाटेसाठी रांग, प्राणवायूसाठी रांग, इंजेक्शनासाठी रांग आणि शेवटी अमरधामातही रांग. २१ एप्रिल रोजी आपल्याच शहरातील एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण तडफडून गेले. त्या दिवसांत आम्ही स्वतः तापाने पडलो. वरच्या खोलीत आम्हांला वेगळे ठेवले. दर चार तासांनी बोटाला ऑक्सिमीटर लावावयाचा आणि आकडा वहीत लिहावयाचा, असा आम्हीच दंडक घातला होता. तो आकडा लिहीत होत्या आमच्या सौभाग्यवती. दाराशी काढा, पेज, औषध. पुन्हा खाली जाऊन सर्वांचा स्वयंपाक. वहीत चार दिवसांच्या चोवीस नोंदी आमच्या आहेत. पाचव्या दिवशी त्या जिन्यात बसल्या त्या उठेनात. तेव्हा प्रथमच त्यांच्या बोटाला यंत्र लावले : ८८. मागाहून त्यांनी सांगितले की, अंग तिसऱ्या दिवसापासूनच कसकसत होते. पण ‘तुम्हांला आराम पडू द्यावा, मग सांगू’ असे त्यांनी ठरविले होते. ह्यालाच आपल्या भाषेत दुखणे अंगावर काढणे म्हणतात.

त्या वाचल्या. अकरा दिवस रुग्णालयात राहून घरी आल्या. जिना चढताना आजही मध्ये थांबतात. परंतु ती वही आम्ही पुढे पणजोबांच्या वहीशेजारी ठेवून पाहिली. शंभरांवर वर्षे गेली, मोडी गेली, वैद्यांच्या जागी डॉक्टर आले. आणि डॉक्टरच्याच घरात, डॉक्टरच्याच डोळ्यांदेखत, वहीत तीच जागा कोरी राहिली. रोज चाळीस लोकांना ‘जीभ दाखवा’ म्हणणाऱ्या आम्हांला दारात उभ्या असलेल्या आपल्या माणसाचा चेहरा पाहण्याचे सुचले नाही. पणजोबांना दोष देण्याचा आमचा अधिकार त्या दिवशी संपला.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणे अवश्य आहे. पुरुष अधिक मेले, ह्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग असा की, मागे विधवा अधिक राहिल्या. पुरुषाला साथीने एकदा मारले. त्याच्या पत्नीला तिने दागिने मोडण्यापासून घर रिकामे करण्यापर्यंत रोज थोडे थोडे मारले. रुग्णालयाचे देणे, मुलांची शाळा, सासरचा हिस्सा आणि दर शुभकार्यात एक पाऊल मागे उभे राहणे! कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की, पती निधन पावल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे ह्या चाली आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. एक खेडे जे करू शकले ते आपल्या सुशिक्षित ज्ञातिमंडळाला करता येऊ नये काय?

तेव्हा आमच्या मनातील पाच सूचना आम्ही ह्या सभेपुढे ठेवतो.

पहिली, घरात साथीचे दुखणे आले की वहीत घरातील प्रत्येक माणसाचे पान असावे. ताप आणि प्राणवायू रोग्याचा जसा मोजावयाचा तसाच त्याची शुश्रूषा करणाऱ्याचाही मोजावयाचा, आणि तो तिने स्वतः नव्हे तर दुसऱ्या कोणी तरी मोजावा.

दुसरी, मंडळाच्या आरोग्य शिबिरात मुलींची व स्त्रियांची रक्ततपासणी प्रथम व्हावी आणि ज्यांच्या रक्तात लाली कमी आढळेल त्यांना मंडळाने वर्षभर गोळ्या पुरवाव्यात. साथ आल्यावर रक्त वाढविता येत नाही. ते आधी वाढवावे लागते.

तिसरी, पुरुषांनी वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासून घ्यावी आणि तंबाखू सोडावी. आपला देह ह्या बाबतीत कमी नशिबाचा आहे हे शास्त्राने सांगितल्यावरही जो काळजी घेत नाही, तो आपल्या पत्नीला संकटात टाकीत आहे.

चौथी, प्रत्येक मुलाला वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत वरण-भात, पेज आणि आजाऱ्याचे अंथरूण बदलणे आलेच पाहिजे. शुश्रूषा ही पाळीपाळीने झाली तर कोणा एकीलाच सबंध रात्र रोग्याच्या श्वासात काढावी लागणार नाही.

पाचवी, हेरवाडच्या धर्तीवर मंडळाने ठराव करावा आणि येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पतिनिधन झालेल्या सर्व भगिनींना पहिले आमंत्रण जावे.

महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार आशा कार्यकर्त्या आहेत आणि त्या सर्व स्त्रियाच आहेत. सन २०२० च्या पावसाळ्यात त्या दारोदार फिरून आपला ताप मोजीत होत्या. आपल्यापैकी किती जणांनी त्यांना ‘बाई, तुमचे कसे आहे?’ असे विचारले? आम्ही विचारले नव्हते.

पुढची साथ कधी येईल हे कोणालाच सांगता येत नाही. येईल एवढे मात्र खरे. आपली गुणसूत्रे आपल्याला बदलता येणार नाहीत. देहाने पुरुषावर केलेला अन्याय औषधाने व पथ्याने थोडाफार कमी करता येईल. परंतु घराने स्त्रीवर केलेला अन्याय सर्वस्वी आपल्या हातचा आहे आणि तो ह्या संध्याकाळपासून कमी करता येतो. आज घरी गेल्यावर आपल्या घरातील स्त्रीला एवढेच विचारा की, तुझे अंग कसे आहे? आणि तिने ‘काही नाही’ म्हटले, तर त्यावर विश्वास ठेवू नका.